क्रमांक ४५: लंडनचा बदनाम लॉर्ड मेयर आणि वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य

१/
संसदेत काल कोण काय बोलले हे आज सकाळी वृत्तपत्रात वाचता येते, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. अठराव्या शतकातील लंडनमध्ये मात्र संसदेतील भाषणे छापणे हा अपराध होता. छापणाऱ्या मुद्रकाला सभागृहापुढे गुडघे टेकून क्षमा मागावी लागे. ही रीत मोडण्यात ज्याचा वाटा सर्वांत मोठा, तो मनुष्य कर्जबाजारी, विलासी आणि चारचौघांत बदनाम होता. त्याचे नाव जॉन विल्क्स. (थ्रेड)

२/
विल्क्सचा जन्म १७२५ मध्ये लंडनच्या क्लार्कनवेल भागात झाला. वडील इस्रायल विल्क्स हे धान्यापासून मद्य गाळण्याच्या धंद्यातील सधन व्यावसायिक. घराण्याला सरदारकी नव्हती, पण पैसा होता. मुलाला उत्तम शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी त्याला हॉलंडमधील लायडन विद्यापीठात पाठवले. तेथे त्याने लॅटिन-ग्रीक वाङ्मयाची गोडी लावून घेतली आणि चैनीचीही.

३/
१७४७ मध्ये त्याचा विवाह मेरी मीड या श्रीमंत वारसदार स्त्रीशी झाला. ती त्याच्याहून वयाने बरीच मोठी होती. या विवाहामुळे एल्सबरी येथील जमीनजुमला विल्क्सच्या हाती आला. संसार मात्र काही वर्षांतच मोडला. विभक्त झालेल्या पत्नीला ठरवून दिलेले वार्षिक २०० पौंडही परत मिळवावेत म्हणून तो न्यायालयात गेला आणि हरला. एकुलती मुलगी पॉली त्याच्याकडे राहिली. तिच्यावरची त्याची माया मात्र जन्मभर निर्मळ राहिली.

४/
त्याचे रूप पाहून लोक दचकत. एक डोळा तिरळा, जबडा पुढे आलेला. व्यंगचित्रकारांना याहून सोयीचा चेहरा मिळाला नसता. पण बोलणे असे की समोरच्याला त्या चेहऱ्याचा विसर पडावा. आपल्याला थोडा वेळ बोलू दिले तर आपण आपला चेहरा पुसून टाकू शकतो, अशी फुशारकी तो स्वतःच मारी. सर फ्रान्सिस डॅशवुड यांच्या मेडमनहॅम येथील कुप्रसिद्ध विलासी मंडळातही त्याची ऊठबस होती.

५/
१७५७ मध्ये तो एल्सबरीतून संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे हाउस ऑफ कॉमन्समध्ये, निवडून आला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मतदारांना पैसे वाटूनच. सभागृहात त्याचे वक्तृत्व फारसे पडत नसे. त्याचे खरे हत्यार लेखणी होती, आणि ती उपसण्याची संधी त्याला नव्या राजाच्या कारकिर्दीत मिळाली.

६/
१७६० मध्ये तिसरा जॉर्ज गादीवर आला. १७६२ मध्ये त्याने आपले जुने गुरू लॉर्ड ब्यूट यांना पंतप्रधान केले. ब्यूट स्कॉटिश होते. त्यांच्या बाजूने ‘द ब्रिटन’ नावाचे साप्ताहिक निघू लागले. उत्तरादाखल विल्क्स आणि त्याचा कविमित्र चार्ल्स चर्चिल यांनी जून १७६२ मध्ये ‘द नॉर्थ ब्रिटन’ काढले. ‘उत्तरेकडचा ब्रिटन’ म्हणजे स्कॉटिश माणूस. नावापासूनच खिल्ली होती. स्कॉटिश लोकांविषयीचा आकस त्याच्या अंकांतून पानोपानी दिसतो आणि तो त्याला शोभा देत नाही.

७/
फेब्रुवारी १७६३ मध्ये पॅरिसचा तह होऊन सात वर्षांचे युद्ध संपले. जिंकलेले बरेच काही फ्रान्स-स्पेनला परत दिले, असा विरोधकांचा आक्षेप होता. एप्रिलमध्ये राजाने संसदेपुढील भाषणात या तहाची प्रशंसा केली. २३ एप्रिल १७६३ रोजी ‘नॉर्थ ब्रिटन’चा ४५ वा अंक निघाला. त्यात विल्क्सने लिहिले की राजाचे भाषण हे वस्तुतः मंत्र्यांचे भाषण असते, आणि मंत्र्यांनी या वेळी राजाच्या तोंडून असत्य वदवले आहे.

८/
युक्तिवाद चतुर होता. त्यात राजाला दोष नव्हता, दोष मंत्र्यांना होता. पण राजाला तो स्वतःचाच अपमान वाटला. राज्यमंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स यांनी एक वॉरंट काढले. त्यावर आरोपींची नावेच नव्हती. या अंकाचे लेखक, मुद्रक आणि प्रकाशक जे कोणी असतील त्यांना शोधा, पकडा आणि त्यांचे कागदपत्र जप्त करा, एवढाच हुकूम होता. याला ‘सर्वसाधारण वॉरंट’ म्हणत.

९/
अशा वॉरंटचा अर्थ काय, हे लंडनला काही दिवसांतच कळले. कोणाला पकडायचे हे न्यायाधीशाने ठरवायचे नाही, सरकारी शिपायाने ठरवायचे. जवळजवळ पन्नास माणसे पकडली गेली. त्यांत मुद्रक होते, तसेच खिळे जुळवणारे साधे कामगारही होते. ३० एप्रिल रोजी विल्क्सला अटक होऊन त्याची रवानगी टॉवर ऑफ लंडनमध्ये झाली. त्याच्या घरातील कुलपे फोडून कागद पोत्यात भरून नेण्यात आले.

१०/
न्यायालयात विल्क्सने एक गोष्ट अचूक हेरली. आपला दावा त्याने केवळ खासदाराचा मान म्हणून मांडला नाही. सरदार आणि सभ्य गृहस्थ यांच्याबरोबरच मध्यम आणि खालच्या थरातील लोकांचे स्वातंत्र्यही आज पणाला लागले आहे, असे तो म्हणाला. मुख्य न्यायाधीश चार्ल्स प्रॅट यांनी ६ मे रोजी खासदाराच्या विशेषाधिकाराच्या आधारे त्याची सुटका केली. बाहेरच्या गर्दीतून घोषणा उठली, ‘विल्क्स आणि स्वातंत्र्य!’ पुढची दहा वर्षे ती लंडनच्या रस्त्यांवर घुमत राहिली.

११/
आता पकडले गेलेले लोक सरकारवर उलटले. हकल नावाच्या एका मुद्रण कामगाराने नुकसानभरपाईचा दावा लावला. त्याची मजुरी आठवड्याला एक गिनी. त्याला सुमारे सहा तास अडकवून ठेवले होते, आणि त्या वेळात गोमांस व बियर देऊन त्याची सरबराईही केली होती. तरी ज्यूरीने त्याला ३०० पौंड दिले. रक्कम अवाजवी असल्याची तक्रार न्या. प्रॅट यांनी फेटाळली. प्रश्न सहा तासांचा नव्हता; नाव नसलेल्या कागदावर कोणाच्याही घरात शिरण्याचा होता.

१२/
विल्क्सने स्वतः कागदपत्रांच्या जप्तीवर देखरेख करणाऱ्या वुड या उपमंत्र्याविरुद्ध १,००० पौंड मिळवले. पुढे १७६९ मध्ये खुद्द हॅलिफॅक्सना ४,००० पौंड भरावे लागले. १७६५ च्या एन्टिक विरुद्ध कॅरिंग्टन या खटल्यात न्यायालयाने सांगितले की ‘राज्याची गरज’ हे घरझडतीचे कायदेशीर कारण होऊ शकत नाही. कायद्यात आधार हवा. १७६६ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सनेही अशी वॉरंट बेकायदा ठरवली.

१३/
सरकार गप्प बसले नाही. विल्क्सच्या खाजगी छापखान्यात अलेक्झांडर पोप यांच्या ‘एसे ऑन मॅन’ या काव्याचे एक अश्लील विडंबन थोड्या प्रतींत छापले जात होते. त्याची पाने सरकारने मिळवली. १५ नोव्हेंबर १७६३ रोजी लॉर्ड सँडविच यांनी ती वरिष्ठ सभागृहात वाचून दाखवली. हेच सँडविच मेडमनहॅमच्या मंडळात विल्क्सचे सोबती होते. त्यांच्या तोंडून नीतीचा उपदेश ऐकताना अनेकांना हसू आवरले नाही.

१४/
त्याच दिवशी हाउस ऑफ कॉमन्सने क्रमांक ४५ हा राजद्रोही मजकूर ठरवून तो जल्लादाच्या हातून जाळण्याचा हुकूम केला. दुसऱ्या दिवशी सॅम्युअल मार्टिन या खासदाराशी झालेल्या पिस्तुलाच्या द्वंद्वात विल्क्सच्या पोटात गोळी लागली. ३ डिसेंबरला रॉयल एक्स्चेंजपाशी अंक जाळायला आलेल्या अधिकाऱ्यांना लोकांनी पिटाळून लावले. महिनाअखेर विल्क्स पॅरिसला निघून गेला. जानेवारी १७६४ मध्ये त्याला सभागृहातून काढून टाकण्यात आले आणि वर्षाअखेर कायद्याने परागंदा घोषित करण्यात आले.

१५/
चार वर्षे तो युरोपात भटकला. कर्ज वाढत गेले. शेवटी १७६८ मध्ये, परतलो तर तुरुंग नक्की हे ठाऊक असताना, तो लंडनला आला आणि थेट निवडणुकीला उभा राहिला. लंडन शहराच्या जागेवर तो सपशेल हरला. लगेच शेजारच्या मिडलसेक्स परगण्यातून उभा राहिला आणि १,२९२ मते मिळवून पहिला आला.

१६/
त्या रात्री लंडनच्या घराघरांवर खडूने ४५ हा आकडा उमटला. बेंजामिन फ्रँकलिन तेव्हा लंडनमध्ये होता. शहराबाहेर दूरपर्यंत रस्त्याकाठची दारे-खिडक्या या आकड्याने भरून गेल्याचे त्याने नमूद केले आहे. ऑस्ट्रियाच्या राजदूताला जमावाने गाडीतून ओढून काढले आणि त्याच्या बुटांच्या तळव्यांवर ४५ लिहिले, अशीही हकीकत प्रसिद्ध आहे. ज्यांना मताचा अधिकार नव्हता, त्यांनी खडूने आपले मत नोंदवले.

१७/
विल्क्स स्वतःहून न्यायालयापुढे हजर झाला. १० मे १७६८ रोजी त्याच्या तुरुंगाबाहेर, सेंट जॉर्ज फील्ड्स या मैदानावर, मोठा जमाव जमला. सैनिकांनी गोळीबार केला आणि काही जण ठार झाले. त्यांत विल्यम ॲलन हा तरुण होता. सैनिकांनी दुसऱ्याच कुणाचा पाठलाग करताना त्याला चुकून मारले. जूनमध्ये जुन्या लिखाणासाठी विल्क्सला २२ महिने कैद आणि १,००० पौंड दंड झाला.

१८/
यानंतर जे घडले ते संसदीय इतिहासात विलक्षण होते. ३ फेब्रुवारी १७६९ रोजी सभागृहाने विल्क्सला पुन्हा काढून टाकले. मिडलसेक्सने त्याला पुन्हा बिनविरोध निवडले. सभागृहाने निवड रद्द केली. मतदारांनी तिसऱ्यांदा तोच कौल दिला. पुन्हा रद्द. १३ एप्रिलला सरकारने कर्नल लट्रेल यांना उभे केले. विल्क्सला १,१४३ मते मिळाली, लट्रेलना २९६. सभागृहाने लट्रेलना विजयी घोषित केले.

१९/
आता प्रश्न विल्क्सच्या चारित्र्याचा उरला नव्हता. मतदारांनी कोणाला निवडावे हे ठरवण्याचा अधिकार मतदारांचा, की आधीच निवडून आलेल्यांचा? ज्यांना विल्क्सची किळस येत असे, त्यांनाही हा प्रश्न टाळता येईना. एडमंड बर्क यांच्यासारख्या विचारवंताने मिडलसेक्सच्या मतदारांची बाजू घेतली. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी सरकारच्या बाजूने पुस्तिका लिहिली.

२०/
संसदेचे दार बंद झाले, तेव्हा विल्क्सने दुसरे दार उघडले. ते दार होते लंडन शहराच्या कारभाराचे. ‘सिटी ऑफ लंडन’ म्हणजे अवघा एक चौरस मैलाचा जुना व्यापारी गाभा. पण त्याला राजांनी शतकानुशतके दिलेल्या सनदा होत्या. त्याचे २६ प्रभाग, प्रत्येकाचा तहहयात ऑल्डरमन, दरवर्षी निवडला जाणारा लॉर्ड मेयर, स्वतःचे दंडाधिकारी आणि स्वतःचे शिपाई. राजालासुद्धा या सनदा जपून हाताळाव्या लागत.

२१/
जानेवारी १७६९ मध्ये, तुरुंगात असतानाच, विल्क्स फॅरिंग्डन विदाउट या प्रभागाचा ऑल्डरमन निवडला गेला. फ्लीट स्ट्रीटचा मोठा भाग याच प्रभागात येई, आणि फ्लीट स्ट्रीट म्हणजे मुद्रकांची वस्ती. त्याचे कर्ज फेडण्यासाठी समर्थकांनी ‘अधिकारांच्या सनदेचे पुरस्कर्ते’ म्हणून एक संस्था काढली. एप्रिल १७७० मध्ये तो सुटला, तेव्हा तो खासदार नव्हता. पण सिटीच्या हद्दीत तो दंडाधिकारी होता, आणि हे पुढच्याच वर्षी उपयोगी पडले.

२२/
हाउस ऑफ कॉमन्सचा जुना दंडक होता की सभागृहातील चर्चा छापायची नाही. मुद्रक नावे बदलून, आडवळणाने ती छापत. १७७१ मध्ये काही वृत्तपत्रांनी हा पडदाही टाकून दिला. कर्नल जॉर्ज ऑन्स्लो यांनी तक्रार केली. व्हेबल आणि थॉम्सन या दोन मुद्रकांना हजर होण्याचा हुकूम निघाला. ते आले नाहीत. त्यांना पकडून देणाऱ्यास ५० पौंडांचे बक्षीस जाहीर झाले. मग आणखी सहा मुद्रकांना बोलावणे गेले.

२३/
१५ मार्च १७७१ रोजी सिटीत एक नाट्य घडले, आणि ते आधीच ठरवलेले होते. कार्पेंटर नावाच्या मुद्रण कामगाराने व्हेबलला ‘पकडले’ आणि नेमके ऑल्डरमन विल्क्सपुढे उभे केले. विल्क्सने विचारले, या माणसाचा गुन्हा काय? गुन्हा काहीच नव्हता, फक्त सभागृहाची घोषणा होती. त्याने व्हेबलला सोडले आणि कार्पेंटरवरच बेकायदा धरपकडीचा ठपका ठेवला. वर कार्पेंटरला ५० पौंडांचे बक्षीस मागण्यासाठी दाखलाही लिहून दिला. सरकारी तिजोरीने अर्थातच पैसे दिले नाहीत.

२४/
या निर्णयाची माहिती विल्क्सने पत्राने राज्यमंत्र्यांना कळवली. तेव्हा त्या पदावर पुन्हा लॉर्ड हॅलिफॅक्सच होते; आठ वर्षांपूर्वी ज्यांनी त्याला नाव नसलेल्या वॉरंटवर पकडले होते तेच. आता पकडण्याचा अधिकार कोणाला आणि कोणत्या आधारावर, हे त्यांना विल्क्स समजावून सांगत होता.

२५/
त्याच दिवशी ‘लंडन इव्हनिंग पोस्ट’चा मुद्रक जॉन मिलर याला पकडायला सभागृहाचा खरा निरोप्या आला. मिलरने आरडाओरडा करून सिटीचा शिपाई बोलावला, आणि पकडणारालाच हल्ल्याच्या आरोपावरून लॉर्ड मेयर ब्रास क्रॉस्बी यांच्यापुढे नेण्यात आले. क्रॉस्बी संधिवाताने अंथरुणाला खिळले होते. त्यांच्या शेजारी विल्क्स आणि रिचर्ड ऑलिव्हर हे दोन ऑल्डरमन बसले. तिघांनी निवाडा दिला की सिटीच्या दंडाधिकाऱ्याच्या सहीशिवाय सिटीत कोणाला अटक करता येणार नाही. मिलर सुटला.

२६/
सभागृह खवळले. क्रॉस्बी आणि ऑलिव्हर हे दोघेही खासदार होते. त्यांना आपल्याच सभागृहापुढे उभे केले गेले. लॉर्ड मेयरच्या दप्तरातील या निवाड्याची नोंद सभागृहात आणवून खोडण्यात आली. मार्चअखेर दोघांची रवानगी टॉवरमध्ये झाली. बाहेर जमाव एवढा चिडला होता की पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांची गाडी मोडून टाकण्यात आली. ८ मे रोजी संसदेचे सत्र संपले, तेव्हा दोघे सुटले आणि सिटीने त्यांची मिरवणूक काढली.

२७/
आणि विल्क्स? त्यालाही बोलावणे गेले होते. त्याने कळवले की मी मिडलसेक्सचा निवडून आलेला खासदार आहे. माझ्या जागेवर बसू द्याल तर येतो. सभागृहापुढे पेच पडला. त्याला पकडले तर १७६८ चे दंगे पुन्हा. त्याला बोलू दिले तर १७६९ चा अन्याय पुन्हा चव्हाट्यावर. शेवटी त्याला ८ एप्रिलला हजर राहण्याचा हुकूम दिला आणि सभागृहाने आपले कामकाज ९ एप्रिलपर्यंत तहकूब केले.

२८/
कायदा बदलला नाही. दंडक कागदावर तसाच राहिला. पण त्यानंतर चर्चा छापणाऱ्या मुद्रकांचा पिच्छा पुरवण्याचे धाडस कॉमन्सने सोडून दिले. १८०३ मध्ये वार्ताहरांसाठी प्रेक्षक सज्जात जागा राखून ठेवण्यात आल्या. जी गोष्ट अपराध होती ती प्रथा झाली, आणि प्रथेचा पुढे अधिकार झाला.

२९/
त्याच वर्षी विल्क्स फ्रेडरिक बुल यांच्यासह सिटीचा शेरीफ झाला. मुंबईकरांना ‘नगरपाल’ म्हणून माहीत असलेले मानाचे पद याच परंपरेतून आले. लंडनमध्ये तेव्हा ते नुसत्या मानाचे नव्हते. तुरुंग, न्यायालयातील ज्यूरी आणि फाशीची अंमलबजावणी ही शेरीफची कामे होती. विल्क्स आणि बुल यांनी हुकूम दिला की कैद्याला खटल्याच्या वेळी बेड्या घालून उभे करू नये. तुरुंग आतून पाहिलेल्या माणसाने काढलेला तो हुकूम होता.

३०/
लॉर्ड मेयरपद सहज मिळाले नाही. १७७२ आणि १७७३ मध्ये मतदारांनी त्याला वरचे स्थान दिले. ऑल्डरमन मंडळाने दोन्ही वेळा दुसऱ्यालाच पसंत केले. १७७४ मध्ये तो अखेर लॉर्ड मेयर झाला. पत्नी विभक्त असल्यामुळे मेयरीणबाईंचा मान मुलीला, पॉलीला, मिळाला. त्याच शरदात मिडलसेक्सने त्याला पुन्हा संसदेत पाठवले आणि या वेळी कोणीही अडवले नाही.

३१/
एप्रिल १७७५ मध्ये अमेरिकन वसाहतींवरील दडपशाहीविरुद्ध सिटीचे निवेदन घेऊन तो राजापुढे उभा राहिला. ज्याला राजाने सैतान म्हटले, तो आता लॉर्ड मेयरच्या झग्यात होता. इतका सभ्य लॉर्ड मेयर आपण पाहिला नाही, असे राजा नंतर म्हणाल्याचे सांगतात. अमेरिकेत विल्क्सचे नाव आधीच घरोघरी होते. १७६९ मध्ये साउथ कॅरोलिनाच्या प्रतिनिधी सभेने त्याच्या समर्थकांच्या संस्थेला १,५०० पौंड पाठवले होते.

३२/
२१ मार्च १७७६ रोजी त्याने हाउस ऑफ कॉमन्समध्ये मतदान सुधारणेचा ठराव मांडला. ओसाड गावांना खासदार आहेत, आणि मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्स, शेफील्ड यांना नाहीत, हे त्याने दाखवून दिले. कारागीर, शेतमजूर आणि गरिबातल्या गरीब माणसालाही आपल्यावरील कायद्यांत आवाज हवा, असे तो म्हणाला. ठराव मतदानाशिवायच बारगळला. या शहरांना जागा देणारा सुधारणा कायदा झाला तो ५६ वर्षांनी, १८३२ मध्ये.

३३/
१७७९ मध्ये तो सिटीचा चेंबरलेन, म्हणजे नगराचा खजिनदार, झाला. जन्मभर कर्जात बुडालेल्या माणसाच्या हाती शहराची तिजोरी देणे हा विनोद वाटेल. पण हे काम त्याने मृत्यूपर्यंत, अठरा वर्षे, नेटकेपणाने केले. शहराचे नागरिकत्व देण्याचे आणि उमेदवार कारागिरांची नोंदणी करण्याचे कामही याच पदाकडे होते. आयुष्यात प्रथमच त्याला स्थिर मिळकत मिळाली.

३४/
पुढच्याच वर्षी कसोटी आली. कॅथॉलिकांना थोड्या सवलती देणाऱ्या कायद्याविरुद्ध लॉर्ड जॉर्ज गॉर्डन यांनी जमाव उभा केला. जून १७८० मध्ये लंडन दिवसेंदिवस जळत राहिले. न्यूगेटचा तुरुंग पेटवला गेला. लॉर्ड मेयर केनेट हात बांधून बसले. ७ जूनच्या रात्री जमाव बँक ऑफ इंग्लंडवर चालून आला, तेव्हा बचाव करणाऱ्यांत विल्क्स होता. बँकेच्या दरवाज्यासमोर गोळीबार झाला, माणसे मेली, आणि विल्क्सने ते आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले.

३५/
जमावाच्या खांद्यावरून वर आलेल्या नेत्याने जमावावर गोळ्या झाडल्या. अनेक जुन्या अनुयायांनी त्याला क्षमा केली नाही. पण त्या रात्री जळत होती ती कॅथॉलिकांची घरे आणि प्रार्थनास्थळे. एका धर्माच्या माणसांना घराबाहेर ओढणे हे स्वातंत्र्य नव्हे, ही त्याची भूमिका त्याच्या आयुष्यातील सर्वांत लोकविरोधी आणि कदाचित सर्वांत प्रामाणिक भूमिका होती.

३६/
३ मे १७८२ रोजी त्याची जुनी मागणी मान्य झाली. दरवर्षी तो ठराव मांडी की १७६९ ची आपली अपात्रता सभागृहाच्या दप्तरातून काढून टाकावी, आणि दरवर्षी हरे. या वेळी ११५ विरुद्ध ४७ मतांनी तो ठराव संमत झाला. सभागृहाने स्वतःच आपली नोंद खोडली. क्रॉस्बींच्या दप्तरातील नोंद याच सभागृहाने अकरा वर्षांपूर्वी खोडली होती.

३७/
त्याच्या स्वातंत्र्यप्रेमाला मर्यादा होत्या, आणि एक मर्यादा हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर दिसते. १७८७ मध्ये वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोगाची चर्चा सुरू होती. हेस्टिंग्जच्या कारकिर्दीतच कंपनीने मराठ्यांशी युद्ध केले आणि ते १७८२ च्या सालबाईच्या तहाने संपले. महाभियोगातील मुख्य आरोप बनारसच्या चेतसिंगावरील जुलमाचा आणि अवधच्या बेगमांच्या लुटीचा होता. आरोप करणारे एडमंड बर्क, मिडलसेक्सच्या मतदारांचे जुने कैवारी. विल्क्स मात्र हेस्टिंग्जच्या बाजूने बोलला. वॉरंटशिवाय फोडलेल्या कुलपांचा अर्थ त्याला लंडनमध्ये समजत होता. फैजाबादमध्ये तो समजला नाही.

३८/
वय वाढले तसा तो निवळला. १७९० मध्ये मिडलसेक्समध्ये पाठिंबा उरला नाही म्हणून त्याने निवडणुकीतून अंग काढून घेतले. फ्रेंच राज्यक्रांतीचा त्याला तिटकारा होता. राजाने एकदा त्याच्या एका जुन्या सहकाऱ्याची चौकशी केली, तेव्हा तो विल्क्सवादी होता महाराज, मी कधीच नव्हतो, असे विल्क्सने उत्तर दिल्याची आख्यायिका आहे. २६ डिसेंबर १७९७ रोजी तो वारला. जमाखर्च मांडला तेव्हा देणेच अधिक निघाले.

३९/
त्याचे यश इतरांच्या कायद्यांत अधिक ठळक दिसते. अमेरिकेच्या घटनेतील चौथी दुरुस्ती झडतीच्या वॉरंटमध्ये जागा आणि व्यक्ती यांचा स्पष्ट उल्लेख मागते. त्यामागे या सर्वसाधारण वॉरंटचाही अनुभव होता. १९६९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, निवडून आलेल्या पात्र सदस्याला सभागृह मनास येईल तसे बाहेर ठेवू शकत नाही असा निर्णय दिला. त्या निकालपत्रात विल्क्सची कहाणी विस्ताराने आली आहे.

४०/
विल्क्सला पकडणाऱ्यांनी एक हिशेब मांडला होता. माणूस एवढा बदनाम आहे की त्याच्यासाठी कोण उभे राहणार? हिशेब चुकला, कारण क्लार्कनवेलच्या मद्यवाल्याच्या मुलाबरोबर त्यांनी आठवड्याला एक गिनी कमावणाऱ्या हकललाही पकडले होते. ४५ हा आकडा दारावर लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी विल्क्सचा तो अंक वाचलाही नसेल. आपले दार कोणीही नाव नसलेल्या कागदावर फोडू नये, एवढेच त्यांना म्हणायचे होते.

(समाप्त)